चाळिसावं माणूस

मावशीआजी आमच्याकडे राहिली ते सात आठवडे आमचं घर खलबत्त्याच्या आवाजाने जागं होत असे. घरात मिक्सर होता आणि तो चांगला चालतही होता, पण मिक्सरमधल्या कुटाला उगाच तेल सुटतं असं तिचं ठाम मत होतं, आणि एका डोळ्यावर पट्टी असली तरी तिच्या मतांवर कसलीही पट्टी नव्हती. मयूर विहारमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीला धुकं टेकलेलं असायचं, आई शाळेत शिकवायला जायच्या घाईत, बाबा गरम पाण्याची बादली नेताना ‘सरका, सरका’ करत निघालेले, आणि स्वयंपाकघरात फरशीवर पाट टाकून ही सत्तरीची बाई शांतपणे तीळ कुटत बसलेली. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आणि वर लोण्याचा गोळा. मी रजईतून नाक बाहेर काढायचे ते त्या वासाने. आजही थंडीत मी ती चटणी करते, मिक्सरमध्ये करते, आणि तिला तेल सुटतं.

ती बाबांची सख्खी मावशी, म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण, शांता. जन्म रत्नागिरीकडचा, लग्न पंधराव्या वर्षी, नवरा कराचीच्या बंदरावर कारकून. लग्न झालं तेव्हा कराचीला जाणं म्हणजे मुंबईला जाण्यासारखंच होतं. बोटीत बसायचं आणि पलीकडे उतरायचं. ती तिथे रुळते न रुळते तोच मध्ये सीमा आली. तिच्या नवऱ्याने नोकरी सोडली नाही, घर सोडलं नाही आणि तिथल्या मराठी कुटुंबांचा गणपतीही सोडला नाही, म्हणून ती राहिली. पुढे नवरा गेला, मुलगा तिथल्याच बँकेत लागला, नातू शाळेत जाऊ लागला. आम्हाला वर्षाकाठी एखादं पत्र यायचं. एवढ्या वर्षांनी डोळ्यांच्या ऑपरेशनच्या निमित्ताने तिला दिल्लीपुरता व्हिसा मिळाला होता. ज्या देशाचं नाव आमच्या घरात क्रिकेट आणि बातम्या सोडून कधी निघत नसे, तिथून सुती पातळ नेसलेली एक बाई आली आणि तिने चपला काढता काढता आईला विचारलं, “रोवळी कुठाय गं? तांदूळ धुवायला टाकते.” आईला रोवळी माहीत होती, पण ती आमच्या घरात नव्हती. मला तर तो शब्दच माहीत नव्हता.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. माझी मराठी म्हणजे “आई, मी जरा मार्केटमधून येते, बस पाच मिनट, पक्का” अशी. मावशीआजीने पन्नासहून अधिक वर्षं कराचीत काढून उलथनं, सांडशी, फडताळ, पडवी असे शब्द आपल्या जिभेवर सांभाळून ठेवले होते, आणि त्यांच्या शेजारी उर्दूही कुठे न खुपता बसलेली होती. आमच्या भाजीवाल्याने तिला एकदा विचारलं, “माताजी, लखनऊ से हैं क्या?” ती हसली आणि त्याच्याकडून कोथिंबीर फुकट घेतली. मी तिच्यामागे घरभर फिरायचे. ती चहा गाळताना बघायचे, वेणी घालताना बघायचे, आणि मनात एकच विचार असायचा की हे कसं काय. जिथून ती पंधराव्या वर्षी निघून गेली तिथली भाषा तिच्याकडे पूर्ण आहे, आणि मी भारताच्या राजधानीत राहून अर्धी हरवून बसले आहे. मला त्याचं दुःख वगैरे झालं नाही. मला तिचं विलक्षण अप्रूप वाटलं, आणि ते अजून ओसरलेलं नाही.

आता ग्वाल्हेरबद्दल सांगायला हवं. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. अत्यंत भिडस्त, नियमाला धरून चालणारा माणूस. मावशीआजी आली त्याच दिवशी त्यांनी तिला पोलीस ठाण्यात नेऊन रीतसर नोंद केली होती. पण ऑफिसात कळवलं नव्हतं. कळवायचा नियम होता की नव्हता हे मला आजही नीट माहीत नाही. बाबांनाही तो उघडून बघायची हिंमत झाली नसावी. त्यांची बढती तोंडाशी आली होती. त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या वर्षाकाकू देवधर भेटल्या आणि त्यांनी विचारलं, “पाहुण्या कुठल्या?” बाबा बुटांकडे बघू लागले आणि आईच्या तोंडून निघून गेलं, “ग्वाल्हेरच्या.” दिल्लीतल्या मराठी माणसाला ग्वाल्हेर म्हटलं की पटतं. जुनी मराठी, थोडं हिंदी वळण, सगळंच जुळतं. त्या दिवसापासून मावशीआजी आमच्या सोसायटीत ग्वाल्हेरची झाली. तिने आणलेली अजरकची, सिंधी छापाची लाल-निळी शाल आईने ‘कसर लागेल’ म्हणत कपाटात तळाशी ठेवली.

मावशीआजीने यावर अवाक्षर काढलं नाही. पण तिला खोटं बोलता येत नसे, त्यामुळे गमती व्हायच्या. वर्षाकाकू गाजरं किसायला मदतीला बसल्या असताना त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे थंडी इथल्यासारखीच ना?” मावशीआजी म्हणाली, “छे, आमच्याकडे कसली थंडी. समुद्र आहे ना.” आईच्या हातून किसणी सुटली. वर्षाकाकूंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, वय झालं की असं होतं या अर्थी. मला हसू आवरेना, म्हणून मी बाल्कनीत पळाले. त्या वयात मला ते सगळं मजेचंच वाटत होतं.

मग डिसेंबरच्या मध्यावर दिल्लीत संसदेवरच हल्ला झाला आणि दोन-चार दिवसांत सगळं बदललं. सैन्य सीमेकडे निघालं. रात्रंदिवस मालगाड्यांवरून रणगाडे जात असल्याचं लोक सांगत होते. बाबांच्या ऑफिसात दाराशी दोनदा ओळखपत्र बघायला लागले. लढाई होणार का, कधी होणार, आपण त्यांना कसे धडा शिकवू, हे भाजीच्या गाडीपासून दूधकेंद्रापर्यंत सगळीकडे चाललेलं असायचं, आणि घरी बाबा टीव्हीचा आवाज इतका बारीक ठेवायचे की बातम्या देणाऱ्याचे नुसते ओठ हलताना दिसत. मावशीआजी आतल्या खोलीत असे. तिला ऐकू जाऊ नये म्हणून की आम्हाला तिच्यासमोर ऐकायची लाज वाटत होती म्हणून, कोण जाणे. अलीकडेच पुन्हा तसे दिवस येऊन गेले. पुन्हा नकाशे, पुन्हा ‘आपण’ आणि ‘ते’, पुन्हा कुणाकुणाला इतक्या तासांत निघून जा असं सांगणं. माझी मुलगी तेव्हाच्या माझ्याच वयाची आहे. तिने फोनमधून मान वर करून विचारलं, “मम्मा, पण आपण म्हणजे एक्झॅक्टली कोण?” मी तिला चाळीस माणसांची गोष्ट सांगितली, तीच इथे लिहिते आहे.

आमच्या सोसायटीत मराठी घरं बरीच होती, आणि त्यात सुभेदार शिंदेकाका होते. फौजेतून निवृत्त झालेले, सांगली जिल्ह्यातले, कमी बोलणारे. त्यांचा एकुलता एक मुलगा तोफखान्यात होता आणि त्याची तुकडी राजस्थानच्या सीमेवर गेली होती. आठवडाभर त्याचा फोन नव्हता. वर्षाकाकूंचे यजमान देवधरकाका, निवृत्त इंजिनिअर, यांनी ठरवलं की जवानांना यश मिळावं म्हणून गणपतीच्या स्तोत्राचं सहस्रावर्तन करायचं. आता हे आपल्याकडचंच गणित आहे. हजार वेळा एकट्याने कुठे म्हणणार, म्हणून माणसं वाटून घ्यायची. चाळीस माणसं, प्रत्येकी पंचवीस आवर्तनं, झाले हजार. देवधरकाकांनी आजूबाजूच्या सोसायट्यांतून स्तोत्र पाठ असलेली चाळीस माणसं जमवली, त्यांची यादी करून लिफ्टजवळ लावली, आणि रविवारी सकाळी यादीतल्या एका बाईंना ताप आला. वर्षाकाकू धापा टाकत आमच्या दारात. “मावशी, तुम्हाला येतं ना? रोज सकाळी ऐकते मी भिंतीतून. एक माणूस कमी पडतंय हो.”

बाबांनी घाईघाईने सांगितलं की मावशीचा डोळा आहे, तिला गर्दी नको. आईने तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं. मावशीआजीने हात धुतले आणि विचारलं, “सुभेदारांच्या मुलासाठी आहे ना ते?” वर्षाकाकू हो म्हणाल्या. “मग येते,” ती म्हणाली, आणि पाच मिनिटांत धुवट पातळ नेसून, काळा चष्मा लावून तयार झाली. आम्ही तिघं तिच्यामागून जिना उतरलो. बाबांचं नाव यादीत होतंच. मी प्रसादाचं बघायला.

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. ट्यूबलाइटच्या उजेडात चाळीस माणसं गोलाकार बसली, बऱ्याच जणांच्या डोक्याला मफलर. सहसा संकल्प एकजण सांगतो आणि बाकीचे आपापलं नाव पुटपुटतात. पण देवधरकाका पक्के. प्रत्येकाने पाणी हातात घेऊन मोठ्याने संकल्प सोडायचा, कामात ढिलाई नको. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, संकल्पात माणूस देवाला आपला पत्ता सांगतो. कुठल्या खंडात, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर मी हे करतो आहे, माझं गोत्र काय, नाव काय, आणि मला काय हवं आहे. तर सुरुवात झाली, आणि एकेक जण म्हणू लागला, ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’. गोदावरीच्या दक्षिण तीरावर. यमुना आमच्या सोसायटीपासून सायकलने दहा मिनिटांवर होती, तिच्या वासाने उन्हाळ्यात खिडक्या लावून घ्याव्या लागत, आणि ही सगळी शिकलेली माणसं, त्यांत एक जलसिंचन खात्यातलेही होते, देवाला बिनदिक्कत सांगत होती की आम्ही गोदावरीच्या काठी आहोत. बापजाद्यांनी जसं म्हटलं तसं. बाबांनीही तसंच म्हटलं. मीही त्यात काही वावगं आहे असं तोवर कधी मनात आणलं नव्हतं.

मावशीआजी गोलात शेवटची होती. तिने तळहातावर पाणी घेतलं, मान खाली घातली आणि तिच्या स्वच्छ आवाजात, जराही न थांबता, संकल्प म्हटला. ‘सिंधोः पश्चिमे तीरे, कराचीनगरे’. पुढे गोत्र, नाव, आणि पाणी ताम्हनात सोडलं. तिने हे मुद्दाम केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तिच्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्याच गणपतीला तो संकल्प बदलून घेतला होता. आपण जिथे बसलोय ते सांगायचं, असं त्याचं म्हणणं. इतकी वर्षं ती तसंच म्हणत आली होती. आमच्याशी गप्प राहून तिने ग्वाल्हेर चालवून घेतलं, पण देवासमोर हातात पाणी घेऊन ग्वाल्हेर म्हणणं तिला सुचणंही शक्य नव्हतं.

देवधरकाकांनी पळी खाली ठेवली. “कुठे म्हणालात?”

“कराची,” ती म्हणाली.

वर्षाकाकू गोंधळल्या. “अहो पण, तुम्ही ग्वाल्हेरच्या ना?”

“ग्वाल्हेर मी पाहिलेलं नाही,” मावशीआजी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. आईने पदर तोंडाला लावला. बाबांचा हात अजून तळहात वर करून तसाच होता, जणू त्यातलं पाणी सांडायचं राहिलं आहे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणी वाईट बोललं नाही, हे मला आवर्जून लिहायचं आहे; ती सभ्य माणसं होती आणि खरोखर पेचात पडली होती. देवधरकाका म्हणाले, “मावशी, तुमचा अनादर नाही. पण प्रश्न असा आहे की आपण इथे आपल्या सैन्याला यश मागतोय. तुम्ही राहता तिकडे. मग तुमची पंचवीस धरायची कशी?” कुणीतरी म्हणालं, त्यांनी नुसतं बसावं. तर हजार होत नाहीत, नऊशे पंचाहत्तरच होतात. कुणी म्हणालं, दुसरं कोणी बसवा. सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मग सगळे माझ्याकडे बघू लागले. “चित्रा, तुला येतं ना गं?” देवधरकाकांनी विचारलं. मला येत नव्हतं. पहिल्या चार ओळी यायच्या, पुढे नुसते ओठ. मी प्रसादाच्या वाट्या हातात घेऊन मान हलवली. सीमेच्या अलीकडे जन्मलेली, अलीकडे वाढलेली, पासपोर्ट काढलाच तर सिंहमुद्रेचा मिळणारी मी त्या हजारात एकाचीही भर घालू शकत नव्हते. इतकी शरम मला पुढे आयुष्यात क्वचितच वाटली.

तेव्हा शिंदेकाका बोलले. ते तोवर भिंतीला टेकून बसले होते. “मावशी,” ते म्हणाले, “तुमचं कोण हाय तिकडं फौजेत?”

“कुणी नाही. मुलगा बँकेत आहे. नातू नववीत.”

“माझा मुलगा बॉर्डरवर हाय.”

“ठाऊक आहे. त्याच्यासाठीच आले मी.”

“मग यश कुणाला मागणार?”

मी आजवर पुष्कळ विद्वान माणसांना देश या विषयावर बोलताना ऐकलं आहे. त्या प्रश्नाला मावशीआजीने जितका वेळ घेतला तितका वेळ घेताना मी कुणालाही पाहिलेलं नाही. ती खरोखर विचार करत होती. मग ती म्हणाली, “यश मला नाही मागता यायचं, सुभेदार. तुमचं मागितलं तर तिकडे माझा नातू आहे, शेजारी आहेत, माझ्या नवऱ्याला चौघांनी खांदा दिला त्यातले दोघं मुसलमान होते, त्यांची मुलं आहेत. तिकडचं मागितलं तर तुम्ही सगळे आहात. मला खोटं सांगून तुमच्यात बसायचं नाही. तुमच्या मुलाचं आयुष्य मागेन. चालत असेल तर बसते, नाहीतर वर जाते. भाजी चिरायची राहिली आहे.”

शिंदेकाकांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला आणि परत लावला. ते उठले, गोल ओलांडून तिच्या शेजारी आले आणि मांडी घालून बसले. “देवधर साहेब,” ते म्हणाले, “एकोणचाळीस माणसं यश मागतायत. मी पण यशच मागतोय, मी शिपाई माणूस, दुसरं काय मागू. पण सकाळपासनं माझ्या पोराला कुणी मागितलं न्हाई. एकानं त्याला मागू द्या. धरा यांची पंचवीस.”

देवधरकाकांनी पंचवीस सुपाऱ्या ओळीने मांडल्या आणि पहिली उजवीकडे सरकवली.

त्यानंतरच्या दोन तासांचं वर्णन मला करता येणार नाही, पण करून बघते. पहिली तीन-चार आवर्तनं विस्कळीत झाली, कुणी पुढे, कुणी मागे. मग हळूहळू सगळ्यांनी नकळत मावशीआजीचा आवाज धरला, कारण तोच सरळ होता. कुठे तोडायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे तिला ठाऊक होतं. दहाव्या आवर्तनापर्यंत चाळीस आवाजांचा एक आवाज झाला आणि फरशीला हात लावला तर फरशीतून तो जाणवत होता. दारात वॉचमन येऊन उभा राहिला, तळमजल्यावरचे पंजाबी आजोबा काठी टेकत आले आणि खुर्ची ओढून बसले. मी वाट्या खाली ठेवायच्या विसरले. ज्या यशासाठी तो आवाज लागला होता त्याच्याविरुद्ध तिचं सगळं घरदार उभं होतं, आणि त्या आवाजाला सुरात ठेवत होती तीच. हे मला तेव्हा शब्दांत कळलं नव्हतं. फक्त अंगावर काटा आला आणि तो जाईना. शेवटची सुपारी सरकली तेव्हा कुणी लगेच उठलं नाही.

शिंदेकाकांच्या मुलाचा फोन त्या आठवड्यात आला. तो आला नसता तरी मी हे प्रकरण लिहिलं असतं. पण त्याच आठवड्यात ही बातमीही आली की नव्या वर्षापासून सीमेपलीकडे जाणारी बस आणि गाडी बंद होणार. मावशीआजीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलं होतं. आता जायचं तर लगेच, त्या डोळ्यावाचून. आणि राहायचं तर कधीपर्यंत ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

देवधरकाका त्या संध्याकाळी स्वतः वर आले. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी दोन अर्ज टाइप करून आणले होते. एक डॉक्टरांच्या दाखल्यासह व्हिसा वाढवून मिळण्याचा, आणि दुसरा, त्यांनी तो जरा अभिमानाने पुढे केला, की अर्जदार मूळची रत्नागिरीची असून तिला भारताचं नागरिकत्व द्यावं. “मावशी, तुम्ही आमच्यातल्याच आहात,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी जे बोललो ते मनावर घेऊ नका.” त्यांचे डोळे भरून आले होते. याहून मोठं देण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतं, आणि ते त्यांनी मनापासून दिलं होतं.

मावशीआजीने त्यांना तिळाची वडी दिली. मग म्हणाली, “तुमचा चांगुलपणा आहे. पण मला जायला हवं. तिथे चार पोरींना मी वाचायला शिकवते, आपली अक्षरं, रोज दुपारी. त्यांचं अर्धवट राहील.” ती आईकडे वळली, आणि तिचा हात हातात घेऊन, अगदी प्रेमाने, तिने ते सांगितलं. “आणि एक आहे, सूनबाई. तिथे मला कुणी विचारलं की मी सांगते, हिंदू आहे, मराठी आहे, कोकणातली आहे. दंगा झाला तेव्हासुद्धा सांगितलं, आमच्या गल्लीतल्या लोकांनी माझ्या दाराशी खाटा टाकल्या आणि राखणीला बसून राहिले. त्या जागेला मी माझं गाव म्हणते. इथे माझी रक्ताची माणसं आहेत, आणि दीड महिना मी ग्वाल्हेरची आहे.”

आई रडली. बाबा गॅलरीत निघून गेले. मला वाटतं, त्या घरात त्यापेक्षा खरं वाक्य कुणी कधी बोललं नाही, आणि ते ऐकून आपल्या माणसांचा राग यावा की तिच्या धाडसाने दिपून जावं हेच मला कळेना. आम्ही तिला भीतीने लपवलं होतं. लढाईच्या दिवसांत देश म्हणजे काय हे बाहेर रस्त्यावर जोरजोरात सांगितलं जात होतं, आणि आमच्या घरात तो बाबांच्या बढतीएवढा आणि आईच्या भीतीएवढा झाला होता.

शेवटच्या एका बसमध्ये तिला जागा मिळाली. लाहोरला मुलगा घ्यायला येणार होता. बस सकाळी सहाला दिल्ली गेटजवळून सुटायची. घरी असं ठरलं होतं की टॅक्सीतून सगळ्यांनी जायचं, पण फाटकाच्या आत आई आणि मीच जायचं. आत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते हे बाबांना कळलं होतं. ठरलं म्हणजे आईने ठरवलं आणि बाबांनी मान डोलावली. मावशीआजीला त्यात काही गैर वाटलं नाही, ती उलट बाबांना म्हणाली, “तू गाडीतच बस, बाहेर गारठा आहे.”

धुक्यात पोलिसांच्या बॅटऱ्या हलत होत्या. निरोप द्यायला आलेल्यांची रांग, सामानाची रांग, कुठे रडारड. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर काळा चष्मा, दुसऱ्या डोळ्याने तिला अंधुक दिसायचं. फाटकाजवळच्या पायरीवर ती अडखळली. आईचे दोन्ही हात पिशव्यांत होते आणि मी दोन पावलं पुढे होते. मागून टॅक्सीचं दार वाजलं आणि बाबा धावत आले. त्यांनी तिचा दंड धरला आणि मग सोडलाच नाही. तसेच ते तिला घेऊन टेबलापर्यंत गेले.

टेबलावरचा पोलीस वयस्क होता. त्याने रजिस्टर फिरवून बाबांपुढे केलं. “आपकी क्या लगती हैं?”

“मौसी.”

“सरकारी नौकरी में हैं?”

“जी.”

त्याने पेन जरा मागे घेतलं. “सोच लीजिए, साहब. ये ऊपर जाता है. बच्ची लिख देगी, चलेगा.” त्याला बाबांचं भलंच करायचं होतं. आईने माझ्याकडे बघितलं आणि मी हात पुढे केला.

बाबांनी त्याच्या हातातून पेन घेतलं. पुढे त्या ओळीपायी त्यांना दोनदा बोलावणं आलं, आणि ती बढती त्यांच्या धाकट्या सहकाऱ्याला मिळाली. निवृत्तीपर्यंत ते त्याच खुर्चीवर राहिले. पण तेव्हा ते वाकून, ऑफिसच्या फायलीवर लिहायचे तशा टपोऱ्या अक्षरांत लिहीत राहिले, आणि आम्ही धुक्यात उभे राहून बघत राहिलो. माझे भिडस्त बाबा. ते मला त्या क्षणी इतके उंच दिसले की मी त्यांच्याकडे मान वर करून बघत होते असंच मला आठवतं, खरं तर मी त्यांच्याएवढीच होते.

“काय लिहिलंस रे?” मावशीआजीने विचारलं. तिला दिसत नव्हतं.

बाबांनी रजिस्टर उचलून धरलं आणि मोठ्याने वाचलं. आधी स्वतःचं पूर्ण नाव. मग हुद्दा, मंत्रालय, घराचा पत्ता. मग तिचं नाव. “नातं, सख्खी मावशी,” त्यांनी वाचलं, आणि मग रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “राहणार, कराची.”

“आता बरोबर,” मावशीआजी म्हणाली, आणि त्यांच्या गालावरून हात फिरवून बसची पायरी चढली.